बारा व्होल्टचं ऊन

शेजारच्या प्लॉटवरचा बंगला पाडला तेव्हा आम्हाला वाईट वाटलं ते त्याच्या अंगणातल्या पारिजातकाचं. उन्हाचं वाईट वाटायला अजून दीड वर्ष अवकाश होता. इमारत एकेक मजला वर चढत गेली तसतसं आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतलं ऊन एकेक फरशी मागे सरकत गेलं, आणि अकराव्या स्लॅबनंतर एके दिवशी ते आलंच नाही. सातबाऱ्यावर विहीर असते, झाडं असतात, पोटखराबासुद्धा असतो. ऊन मात्र कुणाच्याच नावावर चढवलेलं नसतं. भांडायचं तरी कोणत्या कागदावर बोट ठेवून?

घरात हे सगळ्यात आधी कळलं ते आईला. "तुळस फार उंच व्हायला लागली," ती म्हणाली.

"मग चांगलंच की."

तिनं माझ्याकडे पाहिलं. गणितात काठावर पास झालो होतो तेव्हाही तिनं असंच पाहिलं होतं. "वाढत नाहीये ती. मान उंचावून ऊन शोधतेय."

नीट बघितलं तर खरंच. पेरं लांबलेली, पानं बारकी नि फिकट, आणि अख्खं झाड रेलिंगबाहेर झुकलेलं. एसटीच्या खिडकीतून डोकं काढून स्टँड आला का ते बघणाऱ्या प्रवाशासारखं. झाडांच्या या झुकण्यामागे चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस असे बापलेक मिळून लागले होते. गवताच्या कोवळ्या कोंबाच्या शेंड्यावर त्यांनी इवलीशी टोपी घातली, तर कोंब उजेडाकडे वळेचना. टोपी काढली की वळे. १८८० साली त्यांनी हे पुस्तकात मांडलं. म्हणजे उजेड बघणार शेंडा आणि वाकणार खालचं अंग. आमच्या घरी सामान हलवायचं ठरतं तेव्हा हीच पद्धत असते, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

"दर महिन्याला नवी तुळस आणू," बायको म्हणाली. "मंडईबाहेर वीस रुपयांना मिळते."

आई काही बोलली नाही. न बोलण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. तेव्हा, तुळशीसाठी उन्हाऐवजी दिवा मी करीन, घरच्या घरी नि स्वस्तात, असं मी जाहीर करून टाकलं.

पण तिला ऊन कमी पडतंय हे मनातून मला फारसं पटलेलं नव्हतं. गॅलरीत लख्ख उजेड होता. पेपर वाचता येत होता, अगदी तिथीवाराचा बारीक टाइपसुद्धा. मग तुळशीला कमी काय पडत होतं? मुलीनं मोबाईलमध्ये उजेड मोजायचं एक अ‍ॅप घालून दिलं. गॅलरीत आकडा आला ४०० लक्स. दिवाणखान्यात २००. भर दुपारच्या उघड्या उन्हाचा आकडा साधारण १ लाख असतो. मी मोबाईल झटकून पाहिला, पुन्हा मोजलं, तरी तेच. डोळ्याइतका थापाड्या अवयव नाही. गच्चीवरून आमच्या गॅलरीत आलात की तो मुकाट्यानं बाहुली मोठी करतो, आतला सगळा कारभार मंद उजेडाला जुळवून घेतो आणि मिनिटाभरात तुम्हाला सांगतो, काही नाही, सगळं लख्ख आहे. अडीचशेपटीनं घटलेला उजेड त्यानं आपल्यापासून लपवलेला असतो. डोळ्याला नुसतं दिसण्यापुरता उजेड पुरतो. तुळशीला तो जेवायला लागतो. आम्ही तिला रोज स्वयंपाकाचा वास देत होतो आणि वर विचारत होतो, पोट भरलं का?

तपकीर गल्लीत शिरताना माणसानं आपण काय घ्यायला आलो हे घट्ट धरून ठेवावं लागतं. बुधवार पेठेतली ती चिंचोळी गल्ली म्हणजे विजेवर चालणाऱ्या यच्चयावत वस्तूंचं माहेर. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

"झाडासाठी."

"शेवंती का?"

आपल्या कपड्यांवरून आपण बागायतदार वाटलो या आनंदात मी क्षणभर हो म्हणणार होतो. शेवंतीचं गणित मोठं मजेचं आहे. रात्र लांबली की ती कळ्या धरते. म्हणून बाजार येईपर्यंत तिनं थांबावं असं वाटलं की शेतकरी रात्री शेतात दिवे लावून तिला दिवस मोठा असल्याचं भासवतात. ड्रॅगन फ्रूटचं उलटं. त्याला मोठा दिवस लागतो, तेव्हा थंडीतही फूल यावं म्हणून त्याच्या बागांतही रात्री दिवेच लावतात. दिवा तोच, एकाला फुलू द्यायचं नाही म्हणून आणि दुसऱ्याला फुलवायचं म्हणून.

"शेवंती नाही, तुळस," मी म्हणालो. "एकच आहे."

आता त्यानं मान वर केली. "एक?"

मग त्यानं मला जांभळा दिवा दिला. पानांतलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषतं. तेव्हा तेवढे दोनच रंग द्यावेत, बाकीची उधळपट्टी कशाला, असा त्यामागचा काटकसरीचा विचार. कागदावर मला तो फारच आवडला. गॅलरीत मात्र वांग्याच्या रंगाचा उजेड पडला. समोरचे बँकेतून निवृत्त झालेले काका पहिल्या दिवशी नुसते बघून गेले, दुसऱ्या दिवशी "काही कार्यक्रम आहे का?" असं विचारून गेले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आवाज खाली आणून "सगळं ठीक ना?" असं विचारलं. शेवटचा घाव आईनं घातला. "तुळस काळी दिसतेय रे."

मी समजावलं, की पान हिरवं दिसायला त्याच्यावर आधी हिरवा उजेड पडावा लागतो, आणि या दिव्यात तो नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली, "पण कीड पडली तर मला कसं दिसायचं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. जांभळा दिवा मुलीच्या खोलीत गेला आणि तिथे मात्र त्याचं फार कौतुक झालं.

दुसऱ्या खेपेला साधी पांढरी पट्टी आणली. पांढरा एलईडी हा अंगानं निळाच असतो. त्याच्यावर पिवळ्या भुकटीचा थर चढवलेला असतो आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. हळद लागलेला नवरदेव म्हणा ना. तांबडा एलईडी १९६२ सालीच निघाला होता, पण कामाचा निळा मिळायला पुढची तीसेक वर्षं गेली. तो जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या तीस वर्षांपुढे माझ्या दोन खेपा म्हणजे काहीच नाही, असं मी घरी सांगून पाहिलं.

एलईडी गरम होत नाही, हाही एक सार्वजनिक समज. पट्टी मी आधी सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवली. दुसऱ्या दुपारी मागचा गोंद सुटला आणि दिव्यांची ती माळ तुळशीच्या गळ्यात पडली. दृश्य भक्तिभावाचं होतं, पण उष्णतेला बाहेर पडायला वाट नव्हती हे त्यातून कळलं. मग माळ्यावरची जुन्या ट्यूबलाइटची पत्र्याची पट्टी काढली, पुसली आणि त्याच्यावर एलईडीच्या चार रांगा लावल्या. पत्रा उष्णता घेतो नि हवेला देतो. जोडाला सोल्डर करताना प्लस-मायनस एकदाच उलटं झालं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आता दिवा टांगायचा कुठे? उजेडाची ही खोड आहे, की बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं तर उजेड निम्मा नाही, चौथाई उरतो. तेव्हा दिवा झाडाच्या डोक्याशी वीतभर हवा, आणि झाड वाढेल तसा वर गेला पाहिजे. वर-खाली होणारी अशी एकच यंत्रणा आमच्या घरात होती: कपडे वाळत घालायची कप्पी. टॉवेलच्या दांडीला दिवा बांधला, दोरी ओढली आणि सूर्य वर गेला. सैल सोडली, खाली आला. टॉवेल सध्या खुर्च्यांवर वाळतात.

वीतभर अंतरावर मोबाईल धरला तर आकडा आला सव्वासहा हजार. सोळा आणे ऊन म्हणजे १ लाख धरलं, तर माझं ऊन बरोबर एक आण्याचं निघालं. मला तेवढ्याचाही अभिमान वाटला. हा एक आणा सूर्यापासून, उजेडाच्या आठ मिनिटं वीस सेकंदांच्या अंतरावरून येत नाही, आमच्या प्लगमधून येतो.

स्वस्तातचा हिशेब बायकोनं मांडला. पांढरी पट्टी ३५०, बारा व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर २५०, टायमर ४५०, सोल्डरिंगची गन (घरात होती, सापडली नाही) २८०, रिक्षा १७० आणि बाद झालेला जांभळा ६००. एकूण २,१००. "म्हणजे १०५ तुळशी," ती म्हणाली. "पावणेनऊ वर्षं, दर महिन्याला एक." शिवाय २४ वॅटचा दिवा रोज बारा तास म्हणजे महिन्याला पावणेनऊ युनिटच्या आसपास. पावणेनऊ हा आकडा दोनदा यावा हे तिला फार आवडलं.

तीन आठवड्यांनी नवे फुटवे आले. पेरं आखूड, पानं रुंद आणि चुरडली की वास येणारी. तुळस रेलिंगकडे बघेनाशी झाली आणि सरळ वर, टॉवेलच्या दांडीकडे बघू लागली.

दिवा सोळा तास ठेवू, म्हणजे वाढ अजून चांगली होईल, असं मी सुचवलं. आईनं साफ नाही म्हटलं. "सूर्य मावळल्यावर आपण तुळशीचं पानसुद्धा तोडत नाही. झोपू दे तिला." तेव्हा टायमर सकाळी सहा ते संध्याकाळी सहाला लावला. सहाला तो 'टक्' करतो, गॅलरी अंधारते, मग आई निरांजन घेऊन येते.

परवा दुपारी दीड तास वीज गेली होती. आमचा टायमर चकतीचा आहे. वीज गेली की तोही थांबतो आणि आली की राहिलेल्या जागेवरून पुढे चालू लागतो. हे माझ्या ध्यानात नव्हतं. साडेसहा झाले, पावणेसात झाले, समोरच्या अकराही मजल्यांवर दिवे लागले. निरांजनाची वात भिजवून, काडेपेटी हातात धरून आई गॅलरीच्या दारात उभी होती आणि तुळशीवर भर दुपार होती.

"अरे," तिनं आतल्या खोलीकडे हाक दिली, "तुझा सूर्य मावळव बघू. मला दिवा लावायचाय."