अंगावर काटा

बाकीचं जग गाणं कानांनी ऐकतं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या परीक्षकाला ते चेहऱ्याने ऐकावं लागतं. मुखडा सुरू झाला की डोळे मिटायचे. अंतऱ्यात एखादी जागा छान पडली की डोळे उघडून शेजारच्या परीक्षकाकडे बघायचं, आणि शेजारच्यानेही नेमकं तेव्हाच याच्याकडे बघायचं. मग दोघांनी मान हलवायची. होकाराची नाही, नकाराची नाही, ‘काय खाऊन जन्माला आलीय ही पोरगी’ अशा अर्थाची तिरकी. आवाज तार सप्तकात शिरला की एक हात वर. आणि शेवटची तान संपायच्या आत उभं राहायचं. हे महत्त्वाचं. तान संपल्यावर उभा राहतो तो प्रेक्षक. संपायच्या आत उठतो त्याला पुढच्या पर्वाचं बोलावणं येतं.

आपण याला ‘सर’ म्हणू, कारण सगळे म्हणतात. सरांनी काही वर्षांपूर्वी एका सिनेमाला दिलेलं गाणं अजून वरातीत वाजतं. त्यानंतर त्यांनी काय केलं हे चटकन आठवत नाही, पण शनिवार-रविवार रात्री ते घरात असतात, त्यामुळे दिवाळीला न येणाऱ्या सख्ख्या चुलत्यापेक्षा आपल्याला जवळचे वाटतात. स्पर्धक चतुर असतात. ज्या आठवड्यात जीव धोक्यात असतो त्या आठवड्यात ते नेमकं सरांचं वरातीतलं गाणं निवडतात. सर विरघळतात. ‘बाळा, हे गाणं मी केलं, पण आज ते तुझं झालं,’ म्हणतात. आणि मग बाही वर सारून हात कॅमेऱ्यापुढे धरतात.

‘बघ. काटा!’

कॅमेरा जवळ जातो. घरी आपण चष्मा पुसून बघतो. मनगटावर जाडजूड घड्याळ दिसतं, लाल दोरा दिसतो, काटा काही दिसत नाही. पण ज्याच्या अंगावर आलाय त्याच्याशी वाद कसा घालायचा? माझी एक शंका आहे. मेकअप ओघळू नये म्हणून स्टुडिओतला एसी इतका कडक ठेवतात की जाकीट घालून फिरणारा फ्लोअर मॅनेजर सोडला तर तिथे सगळ्यांच्याच अंगावर काटा असणार. प्रेक्षकांत टाळ्या वाजवायला बसवलेल्या काकूंच्याही. पण त्यांना बाही वर करायला कोणी सांगत नाही.

असं पूर्वी नव्हतं. १९९५ साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं तेव्हा सूत्रसंचालक होता कोवळा सोनू निगम, आणि परीक्षक म्हणून येत ती नौशाद, ओ. पी. नय्यर यांच्यासारखी माणसं. ती बसत, ऐकत, आणि दोन वाक्यं बोलत. त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल ताडणं अशक्य होतं. कॅमेरा त्यांच्याकडे गेला तर ते कॅमेऱ्याकडे जरा त्रासिक नजरेने बघत, आणि कॅमेरा निमूट परत फिरे. मुलांच्या विशेष भागात श्रेया घोषाल जिंकली तेव्हा परीक्षक होते कल्याणजी. त्यांनी तिच्या आईवडिलांना मुलीला घेऊन मुंबईला या म्हणून पटवलं. कौतुक म्हणून त्यांनी जे काही केलं ते स्टेजच्या खाली उतरून केलं.

मग साहेबाकडून खुर्च्या आल्या. ब्रिटनमध्ये २००१ साली ‘पॉप आयडॉल’ निघालं, पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याची आवृत्ती आली, आणि सायमन कॉवेल नावाच्या गृहस्थाने अख्ख्या जगाला दाखवून दिलं की गाणाऱ्याचा अपमान हाही गाण्याइतकाच चवीने ऐकला जातो. २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ निघालं तेव्हा आपल्याकडे त्या तीन खुर्च्यांत अनू मलिक, फराह खान आणि सोनू निगम बसले. नऊ वर्षांत सोनूला उभ्याचं बसायला मिळालं. मुंबईचा अभिजित सावंत तो पहिला आयडॉल झाला, आणि घरोघरच्या आत्या ‘आपला मराठी मुलगा’ म्हणत मोबाइलवर मत कसं पाठवायचं ते भाच्यांकडून शिकल्या.

रागावणारा परीक्षक मात्र मराठीत रुजला नाही. कारण सोपं आहे. आपल्या कार्यक्रमात स्पर्धकाची आई समोर बसलेली असते. ती रात्रीच्या एसटीने आलेली असते, पिशवीत सगळ्या युनिटला पुरतील एवढे लाडू असतात, आणि त्यातले दोन सरांनी रिहर्सलच्या वेळी खाल्लेले असतात. लाडू पोटात असताना पोराला बेसूर म्हणायला जी छाती लागते ती सरांकडे नाही. खरं तर कोणाकडेच नसावी.

त्यामुळे उरलं ते कौतुक, आणि कौतुकाची महागाई. ‘सा रे ग म प’च्या २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’ पर्वात अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते, पल्लवी जोशी सूत्रसंचालन करत होत्या, आणि पाच पोरांनी महाराष्ट्राला सोमवारी-मंगळवारी घरात बसवलं होतं. तिथे गुण आकड्यांत नव्हे, स्वरांत मिळत. ‘नी’ मिळाला की पोरगं उडी मारायचं, आणि वरचा सा मिळाला तर आजोबा डोळे पुसायचे. छान पद्धत होती, पण तिच्यात एक अडचण दडलेली होती. सप्तक वरच्या ‘सा’ला संपतं, कौतुक संपत नाही. त्यावर काय द्यायचं? मग उभं राहणं आलं. उभं राहणं रोजचं झालं तसं स्टेजवर जाणं आलं. स्टेजवर जाणं पुरेना तेव्हा मिठी, मग स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून देणं, मग खिशातली नोट पोराच्या डोक्यावरून ओवाळून नजर काढणं, आणि शेवटी चपला काढून लोटांगण. लोटांगणाच्या पुढे काय, यावर सध्या विचार चालू असावा.

या सगळ्यात माझा जीव तुटतो तो बुवांसाठी. तीनपैकी एका खुर्चीत शास्त्रीय संगीतातला जाणता माणूस बसवायची रीत आहे. घरात दोन पिढ्यांचं गाणं, स्वतःची तालीम पंचवीस वर्षांची. या माणसाला खरंच ऐकू येतं, हीच त्याची पंचाईत. पहिल्या भागात बुवा म्हणतात, ‘बाळ, अंतऱ्यात कोमल गंधार जरा उतरला,’ आणि अंगठा व तर्जनी यांच्यात केसाएवढी फट करून दाखवतात. ते बरोबर असतं. पण प्रक्षेपणाआधी गाणं मिक्सिंगला जातं, तिथे सूर सरळ करून घेतात. या धंद्यात ते कोणी लपवतही नाही. म्हणजे रविवारी रात्री महाराष्ट्राला ऐकू येतो खणखणीत लागलेला गंधार, आणि पाठोपाठ दिसतो तो उतरला म्हणून कुरकुरणारा म्हातारा. सोमवारी बुवांना त्यांचा वाणी विचारतो, ‘बुवा, पोरगी एवढी चांगली गायली, तुम्हाला काय खुपलं?’ तिसऱ्या आठवड्यापासून बुवा म्हणतात, ‘मेहनत दिसली.’ शेवटच्या महिन्यात बाही वर करतात. खादीच्या झब्ब्याची बाही सैल असते, पटकन वर जाते.

‘इंडियन आयडॉल’च्या किशोरकुमारांवरच्या विशेष भागाला पाहुणे म्हणून गेलेले त्यांचे चिरंजीव अमित कुमार यांनी २०२१ साली नंतर उघडपणे सांगितलं, की सगळ्यांचं कौतुक करा असं मला सांगितलं होतं, आणि मी केलं. केवढा गहजब झाला! जणू तोवर कोणाला वाटत होतं की सगळी माणसं आपापल्या मनानेच दर आठवड्याला भारावतात.

सूत्रसंचालिकेचं काम याहून अवघड, आणि तिला बसायलाही मिळत नाही. तिच्या एका कानात कंट्रोल रूममधला आवाज असतो, दुसऱ्या कानाने तिला आनंदित व्हायचं असतं. पल्लवी जोशी किंवा ‘अंताक्षरी’वाले अन्नू कपूर यांना गाणी तोंडपाठ असायची. आताच्या मुलीला गाण्यांपेक्षा माणसांच्या कहाण्या पाठ कराव्या लागतात: कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाच्या आजीने जात्यावरच्या ओव्या शिकवल्या, कोणाची पेटी गहाण पडली होती. गाण्याआधी याची चित्रफीत दाखवतात. तीत मुलगा शेताच्या बांधावरून चालत येतो. असं दुपारी दोन वाजता बांधावरून विनाकारण चालणारं माणूस खेड्यात दुसरं कोणी सापडणार नाही. आई चुलीवर भाकरी थापत असते, आणि गॅसचं सिलिंडर चौकटीच्या जरासं बाहेर उभं असतं. फीत संपते. सर डोळे टिपतात. सूत्रसंचालिका हलक्या आवाजात म्हणते, ‘काय बोलू, शब्दच नाहीत,’ आणि त्यानंतर चार मिनिटं बोलते. मग आईला स्टेजवर बोलावलं जातं.

‘आई, आज लेकाला एवढ्या मोठ्या मंचावर बघताना काय वाटतंय?’

‘बरं वाटतंय.’

‘अजून काय वाटतंय?’

‘अजून काय वाटायचं? सकाळच्या सहाच्या गाडीचं रिझर्वेशन हाय, तेवढं बघा म्हनावं.’

संपूर्ण पर्वात एवढं स्वच्छ, नेमकं, एकाही जास्तीच्या श्रुतीशिवाय कोणी बोललेलं नसतं. प्रक्षेपणात दुसरं वाक्य कापतात.

निकालाच्या दिवशी तर सूत्रसंचालिकेचे हाल बघवत नाहीत. ‘आणि आज आपला निरोप घेणारा स्पर्धक आहे...’ इथे थांबायचं. तबलावाला वाजवतो, कॅमेरा चार चेहरे फिरून येतो, त्यातला एकजण शिंक दाबत असतो, मग जाहिराती. परत आल्यावर तेच वाक्य पहिल्यापासून. सर मान खाली घालून बसतात, कारण निर्णय त्यांचा नाहीच. तो महाराष्ट्राचा. परीक्षक खुर्चीत, परीक्षा स्टेजवर आणि निकाल मोबाइलवर अशी वाटणी झालेली आहे. एखाद्या गावातला मुलगा शेवटच्या पाचांत आला की तिथल्या चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतात तीच पुढारी मंडळी असतात, फक्त मधला चेहरा बदललेला.

वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, इथे फेरा पूर्ण होतो. नेहा कक्कर ‘इंडियन आयडॉल’च्या दुसऱ्या पर्वात स्पर्धक होती, २०१८ ला दहाव्या पर्वात परीक्षक म्हणून आली. ‘लिटिल चॅम्प्स’चे ते पाचजण २०२१ मध्ये नव्या लिटिल चॅम्प्ससमोर ज्युरी म्हणून बसले. मुग्धा वैशंपायन एवढीशी होती हो, असं म्हणत माझ्या पिढीने तो भाग पाहिला आणि स्वतःची वयं मोजली. ती पोरं बोलत होती जपून, प्रेमाने, आणि गाण्याबद्दल. मला बरं वाटलं. काट्याचं प्रमाणही माफक होतं.

पण साथ टीव्हीत थांबत नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत बालगायन स्पर्धा असते. तिला पूर्वी परीक्षक असत ते बँकेतून निवृत्त झालेले ए विंगमधले काका. ते एक तक्ता आखून आणत: सूर वीस, ताल दहा, शब्दोच्चार दहा, सादरीकरण दहा. ‘ण’चा ‘न’ झाला की अर्धा गुण कापत, आणि कागद घडी करून अध्यक्षांच्या हातात देऊन निघून जात. हरलेल्या मुलांचे पालक वर्षभर त्यांच्याशी लिफ्टमध्ये बोलत नसत. काकांना ते सोयीचं होतं.

यंदा काका मुलाकडे पुण्याला गेले, म्हणून बी विंगमधल्या वहिनींना बसवलं. वहिनी गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत शिकलेल्या, आणि शिवाय एकही पर्व न चुकवलेल्या. पहिल्याच मुलाने, वय वर्षे पाच, देवाचं गाणं म्हणायला सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला थांबला, आईकडे पाहिलं, आणि पहिली ओळ पुन्हा म्हणून खाली उतरायला लागला. वहिनी उभ्या राहिल्या. ‘थांब बाळा. हे गाणं आज तू जगलास.’ बाही वर. मग मांडवातल्या त्या फळ्यांच्या स्टेजवर चढल्या, पर्समधून शंभराची नोट काढली, त्याच्या डोक्यावरून तीनदा उतरवली आणि त्याच्या मुठीत कोंबली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

स्पर्धक नऊ होते. दुसऱ्या मुलाचे आईवडील समोरच्या रांगेत होते. नजर एकाचीच काढून भागणार नाही हे तिसऱ्या गाण्याला वहिनींच्या लक्षात आलं, आणि पर्समधल्या नोटा पाचव्याला संपल्या. मग मंडळाच्या पेटीतून चार घेतल्या. शेवटी त्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की आज कोणीच हरलेलं नाही, नऊही मुलं पहिली आली आहेत.

कार्यकारिणीने कप तीन आणले होते. त्यावर कुजबूज चालू झाली. पण खजिनदारांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते वही उघडून बसले होते.

‘वहिनी, पेटीतल्या चारशेचं व्हाउचर लागेल,’ ते म्हणाले. ‘हे कशात दाखवू? नजरेचं खातं नाही आपल्याकडे. देखभाल-दुरुस्तीत टाकू का?’