धुऱ्यावर जकातनाका

वाशीम जिल्ह्यात १ जुलैइतका काटकसरीचा दिवस दुसरा नाही. त्या दिवशी वसंतराव नाईकांची जयंती, म्हणून कृषिदिन. त्याच दिवशी वनमहोत्सवाचा आरंभ, म्हणून वृक्षारोपण. शिवाय १९९८ साली याच तारखेला अकोल्यातून वेगळा निघून वाशीम जिल्हा झाला, म्हणून जिल्ह्याचाही वाढदिवस. एक मांडव, एक माईक आणि एक हार यांत तिन्ही कार्यक्रम उरकतात. खड्डा तेवढा नवा लागतो आणि पुष्कळदा तोही मागच्या वर्षीचा चालून जातो. त्यात लावलेल्या रोपाने जागा केव्हाच मोकळी करून दिलेली असते.

मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे धर्मपीठ. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबा इथे, रामनवमीला लाखो माणसे इथे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान आले. त्यांनी नंगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले आणि शेतकऱ्यांच्या सन्मान निधीचा अठरावा हप्ताही याच दौऱ्यात सुटला. संग्रहालय चार मजली आहे आणि त्यात तेरा दालने आहेत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्या समाजाला अखेर एका जागी चार मजले मिळाले, याचा आनंदच आहे. आमची एवढीच सूचना, की चौदाव्या दालनाची जागा आताच राखून ठेवावी. त्यात धुरा ठेवावा लागेल.

धुरा म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. तुमच्याकडे ज्याला बांध म्हणतात तो. दोन शेतांमधली ही पट्टी सातबाऱ्यावर दिसत नाही, पण फौजदारी खटल्यांत हमखास दिसते. आमच्या वऱ्हाडातला जुना धुरा चांगला हात-दोन हात रुंद असे. त्यावर बाभूळ, बोर, हिवर, हिंगणबेट, पळस आणि मधूनमधून एखादा कडुनिंब. खाली निरगुडी, तरवड आणि ज्यांची नावे फक्त शेळ्यांना माहीत अशी दहा-वीस झुडपे. बुंध्याशी मुंगसाचे बीळ, ढोलीत घुबड, काट्यावर टोळ टोचून ठेवणारा खाटीक पक्षी. घुबड उंदरांचा हिशेब बघे, मुंगूस सापांचा, आणि मधमाश्या तुरीच्या फुलांवर ये-जा करून पुन्हा बाभळीवर मुक्कामाला येत. या सगळ्यांना पगार नव्हता, ओळखपत्र नव्हते आणि यांतले एकही झाड कुणी लावलेले नव्हते. पाखरू बी टाकी, गाय-शेळी शेण-लेंडीतून टाकी, आणि शेतकऱ्याने विळा मारला नाही की झाड होई.

हाच धुऱ्याचा मोठा दोष ठरला. ज्याला कुणी लावले नाही त्याचा फोटो निघत नाही, आणि फोटो नाही तर ते लागवडीच्या अहवालात बसत नाही. मग धुरा संपवायची तीन साधने निघाली. पहिले साधन नांगर. दोन्ही शेजाऱ्यांनी दरसाल वीतभर धुरा कोरायचा आणि कोर्टात एकमेकांकडे बोट दाखवायचे. दुसरे साधन जेसीबी, जो तासाच्या भाड्याने येतो आणि आजोबांच्या काळची बाभूळ चहा थंड व्हायच्या आत आडवी करतो. तिसरे तणनाशक. पंप पाठीवर घेतलाच आहे तर धुऱ्यावरही एक हात मारायचा. आता मानोऱ्याकडून पोहरादेवीला येताना दोन्ही बाजूंना सोयाबीन दिसते, त्यापलीकडे सोयाबीन, आणि नजर ठरत नाही तिथेही सोयाबीन.

मग अळी येते. अळी आली की कृषी खात्याचा सल्ला येतो, आणि तो सल्ला शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर असतो. शेतात पक्षीथांबे उभारा. पक्षीथांबा म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी वाळकी काठी. तिच्यावर कोतवाल आणि साळुंक्या बसतात आणि अळ्या वेचतात. आमचे या थांब्यावर फार प्रेम आहे. आधी पाखराची झाडे काढायची, मग त्यांच्या जागी एक मेलेली काठी रोवायची आणि पाखराला सांगायचे, या, बसा. पाखरू बसतेही, कारण त्याला दुसरी जागा उरलेली नाही. बस येत नसलेल्या थांब्यावर बसायची सवय आम्हा वाशीमकरांनाही आहे.

निंबोळीचे तसेच. पाच टक्के निंबोळी अर्क फवारा, हा सल्ला गेली कित्येक वर्षे दर हंगामात येतो. धुऱ्यावरचा कडुनिंब सावली पाडतो म्हणून तोडायचा, त्याच्या फांद्या सरपणाला न्यायच्या, आणि पावसाळ्यात कृषी केंद्रातून कडुनिंबाची बाटली आणायची. बाटलीवर कडुनिंबाच्या पानाचे चित्र असते. झाड कसे दिसायचे ते मुलांना दाखवायला ते उपयोगी पडते.

धुऱ्यावरचा काटा गेला तेव्हा त्याच्या पलीकडची मंडळीही आत आली. नीलगायी (आमचे रोही) आल्या, रानडुकरे आली. त्यांच्या बंदोबस्तासाठी आमच्या भागात शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. काटेरी कुंपणाच्या जागी लग्नातला शालू, दिवाळीची नायलॉन आणि मावशीने आहेरात दिलेली, कुणी कधीच न नेसलेली जांभळी. जैवविविधता नसेल, रंगविविधता भरपूर आहे. डुकरे पहिले काही दिवस बिचकतात. पुढे तीही पाहुण्यांसारखी सरावतात. मग झटका मशीन येते आणि कुंपण विजेवर जाते.

झाडे लावायचे सरकारने मनावर घेतले नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. २०१६ साली राज्याने २ कोटी झाडांचा संकल्प केला. २०१७ला ४ कोटी, २०१८ला १३ कोटी आणि २०१९ला ३३ कोटी. झाड चार वर्षांत किती वाढते ते जातीवर आणि जमिनीवर अवलंबून असते. आकडा चार वर्षांत सोळापट वाढला, तेही मुरमाड जमिनीत. तेहतीस कोटी ही देवांचीही संख्या असल्यामुळे त्यापुढे जाणे कुणाला प्रशस्त वाटले नसावे. नंतर सरकार बदलले आणि ही झाडे नेमकी कुठे आहेत हे पाहायला विधिमंडळाची समिती नेमायचे ठरले. झाडांवर समिती बसली. पाखरे बसायची राहिली.

आपल्याच लोकांना नावे ठेवणे बरे नव्हे, म्हणून साहेबाचेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात धान्य वाढवायचे होते, यंत्रे मोठी झाली होती आणि त्यांना वळायला जागा हवी होती. तेव्हा शेतांच्या कडेची शतकानुशतकांची झुडपी कुंपणे उपटून टाकायला तिथल्या सरकारने शेतकऱ्यांना अनुदान दिले. हजारो मैल कुंपण गेले. मग पाखरे कमी झाली, माती वाहू लागली आणि विद्वानांनी ग्रंथ लिहिले. १९९७ साली कायदा झाला, की जुने कुंपण काढायचे तर आधी स्थानिक कचेरीची परवानगी घ्या. आता तेच सरकार तेच कुंपण पुन्हा लावायला मीटरवर पैसे देते. बापाला उपटायचे पैसे मिळाले, नातवाला लावायचे मिळतात. आमचे शेतकरी कमनशिबी. त्यांनी उपटलेही पदरच्या खर्चाने.

आणि तरीही या देशात सरकारने एकदा कुंपण लावले होते, जगवले होते, आणि ते शेकडो मैल लांब होते. ही गोष्ट पोहरादेवीत सांगण्यासारखी आहे, कारण ती मिठाची आहे. इंग्रजांचा मिठावर जबर कर होता. पश्चिमेकडचे स्वस्त मीठ कर न भरता आत येऊ नये म्हणून सिंधूपासून खाली बुऱ्हाणपूरपर्यंत आणि पुढे ओडिशाकडे त्यांनी जकातीची एक रेषा आखली. मिठाच्या गोण्या घेऊन पिढ्यान्‌पिढ्या मुलूख तुडवणाऱ्या बंजाऱ्यांच्या व्यापारावर ती रेषा आडवी आली. सुरुवातीला वाळक्या काट्यांचे कुंपण घातले. ते वाळवीने खाल्ले, वणव्याने जाळले, वावटळीने नेले. १८६७ साली ॲलन ह्यूम हे जकात आयुक्त झाले. पुढे १८८५ला काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम, आणि पाखरांचे त्या काळातले मोठे अभ्यासकही तेच. त्यांनी ठरवले की कुंपण जिवंत हवे. जिथे जे रुजेल ते लावले: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. परदेशी शोभेच्या रोपांची निविदा काढली नाही. जिथे माती वाईट होती तिथे चर खणून दुसरीकडची चांगली माती आणून भरली. विहिरी खणल्या. मैलोन्‌मैल चौक्या बसवल्या. बारा हजारांवर माणसे या रेषेवर नोकरीला होती. कुंपण ठिकठिकाणी दहा-बारा फूट वाढले.

एक मुळी मेली की वरिष्ठांकडून विचारणा येई. कारण त्या भोकातून मीठ जात होते, आणि मिठाबरोबर सरकारचा पैसा.

१ एप्रिल १८७९ला ती रेषा बंद झाली आणि कुंपणाचे पाणी त्या दिवशीच तुटले. कुणी सरपण नेले, कुठे त्यावरून रस्ता झाला. झाडांचे काही चुकले नव्हते. त्यांच्यामागचा महसूल गेला होता.

हा इतिहास वाचल्यापासून आमचे मत पक्के झाले आहे, की झाडे चुकीच्या खात्याकडे आहेत. वनखाते, कृषी खाते, सामाजिक वनीकरण ही सगळी झाडांवर प्रेम करणारी खाती. प्रेमाने झाड जगत नाही हे आपण दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत पाहिले. धुरे वस्तू व सेवा कर विभागाकडे द्यावेत. प्रत्येक धुऱ्यावर एक नाका. सोयाबीनचे पोते धुरा ओलांडून गेले की पावती. धुऱ्यात जिथे झाड नाही तिथून पोते बिनपावतीचे निसटेल, हे एकदा विभागाच्या लक्षात आले की मग बघा. पहाटे निरीक्षक स्वतः बादली घेऊन बोरीला पाणी घालताना दिसतील. मेलेल्या झाडाला कारणे दाखवा नोटीस निघेल. मुंगसाला हंगामी कर्मचारी म्हणून घेता येईल.

ही योजना आम्ही पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावरच्या वयस्क शेतकऱ्याला ऐकवली. त्याच्या धुऱ्यावर अजून चिंच आहे, एक मोह आहे, आणि आपसूक उगवलेला मनगटाएवढा साग आहे. साग, मोह, चिंच ही नावे १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतली आहेत. झाड आपले, जमीन आपली, पण तोडायचे तर परवानगी वरची. त्यामुळे तिथला जाणता माणूस झाड मोठे होऊ द्यायच्या आधीच विचार करतो. म्हाताऱ्याने आमचे सगळे नीट ऐकून घेतले. मिठाच्या कुंपणाची गोष्ट त्याला आवडली. चिलीम झटकून तो म्हणाला,

"लय बेस हाय भाऊ. फकस्त नाका कवा बसनार हाय तेवढं आंधी सांगजा. म्हंजे आदल्या रातीच आरी लावून घेतो."