रात्री अडीचचा भूगोल

एका अंशाला चार मिनिटं, पंधरा अंशांना एक तास. हे मी सिडकोतल्या एका शाळेत इतकी वर्षं घोकून घेतलं, की जुने विद्यार्थी गुलमंडीवर भेटले तर 'नमस्कार सर'च्या आधी 'चार मिनिटं' म्हणतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरकडची. आपलं छत्रपती संभाजीनगर पंच्याहत्तरच्या जरासं पुढे. म्हणजे सूर्य आपल्याकडे घड्याळापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशिरा येतो. हे सांगितलं की वर्ग चकित व्हायचा आणि दुसऱ्या दिवसापासून उशिरा येणारी पोरं दारातूनच म्हणायची, "सर, आम्ही स्थानिक वेळेप्रमाणे आलो."

त्यामुळे न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला, "बाबा, नाताळच्या सुट्टीत येतोय, पण मुलांना जेटलॅगचा फार त्रास होतो," तेव्हा मी म्हणालो, "भूगोल माझ्याकडे सोड."

लगेच पुठ्ठा आणला, स्केचपेनं आणली आणि वेळापत्रक आखलं. तीन रकाने: न्यू जर्सी, मिर्झापूर, आणि केवळ शास्त्रशुद्धतेसाठी, सिडको स्थानिक. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात म्हणून साडेनऊ. तेही तळटीप म्हणून लिहिलं. हिने पुठ्ठा बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "अहो, पोळ्या यातल्या कुठल्या रकान्याप्रमाणे करायच्या?"

मंडळी मुंबईला उतरली आणि समृद्धी महामार्गाने घरी आली. हा महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला आणि आजी-आजोबांचं मोठं नुकसान झालं. पूर्वीच्या रस्त्याने पोरं दर दहा मिनिटांनी आदळून जागी व्हायची. आता सहा वर्षांचा थोरला आणि तीन वर्षांची धाकटी मुंबईपासून आमच्या फाटकापर्यंत ढाराढूर. जावई कौतुकाने म्हणाले, "आवाजसुद्धा नाही केला." मीही म्हणालो, "छान, विश्रांती झाली." लेक काहीच बोलली नाही. ती जाणकार होती.

रात्री आठला दोघं दोन घास वरणभात खाऊन परत झोपली. मी वेळापत्रकावर हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली आणि पडलो.

मग कोणीतरी माझी डावी पापणी बोटाने वर उचलली. धाकटी होती.

"आजोबा, खाऊ."

घड्याळात अडीच. रात्रीचे. मी मनातल्या मनात साडेदहा वजा केले: दुपारचे चार. शाळेची बस येऊन गेली, दप्तर फेकलं, आता खाऊ. पोरीचा हिशेब चोख होता. माझ्या शाळेत असती तर पैकीच्या पैकी दिले असते. मागे थोरला बुटांत उभा. त्याला सायकल हवी होती.

मी लेकीच्या खोलीचं दार हळूच वाजवलं. आतून आवाज आला, "बाबा, भूगोल तुमच्याकडे आहे ना?" आणि कूस बदलल्याचा आवाज.

हिने उठून शिऱ्याला रवा भाजायला घेतला. तूप आणि वेलदोडा, रात्री अडीच वाजता, रो-हाऊसच्या ओळीत! पाचव्या मिनिटाला शेजारचे काका शाल गुंडाळून फाटकाशी. "सर, सगळं बरं ना?" आमच्याकडे अवेळी स्वयंपाकघरातला दिवा लागला की लोक आधी चपला घालतात, मग विचारतात. त्यांनाही शिरा दिला. पोरांना झोप यावी म्हणून हिने दुधात जायफळ उगाळलं. लेकीने दारातूनच हात वर केला: लहान मुलांना झोपेचं काहीही द्यायचं नाही, जायफळ नाही, अमेरिकेत मिळतात त्या मेलाटोनिनच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. दूध तर झालेलं. वाया जाऊ नये म्हणून दोन्ही पेले मी घेतले. नंतरचं मला फारसं आठवत नाही. ही सांगते की मी खुर्चीत घोरत होतो आणि पोरं माझ्या अंगावर वेळापत्रकाचा पुठ्ठा ठेवून घसरगुंडी खेळत होती.

पुढच्या रात्री पाणी येणार होतं.

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या शहरात पाणी 'असतं' असं नाही, पाणी 'येतं'. पैठणच्या नाथसागरातून पन्नासेक किलोमीटर चढून येतं, काही दिवसांच्या खंडाने येतं आणि त्याच्या मनाला येईल त्या प्रहरी येतं. त्या रात्री तीनला आलं. अख्खी गल्ली जागी: मोटारींची घरघर, पाइप, बादल्या, पिंप, हौदाच्या झाकणांचे आवाज. आमची दोघं आधीपासूनच टक्क जागी. थोरल्याच्या हातात पाइप दिला तर त्याने आमची टाकी, शेजारच्यांची तुळस आणि काकांची शाल अशी क्रमाने भरली. धाकटी फाटकाच्या गजांतून गल्लीभरच्या माणसांकडे बघत होती. "आजोबा, हे सगळे कुठून आले?"

"इथलेच आहेत गं."

"मग ह्यांना पण जेटलॅग?"

मी भूगोलाचा शिक्षक. उत्तर सुचलं नाही.

सकाळी सातला, ऊन कोवळं असताना, मी दोघांना ओढत गच्चीवर नेलं आणि सूर्यनमस्कार घालायला लावले. जेटलॅगवर सूर्यप्रकाशासारखं औषध नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. डोळ्यांत उजेड गेला की मेंदूतलं मुख्य घड्याळ त्याप्रमाणे काटा सरकवतं. पण अर्धं वाचणं हे न वाचण्यापेक्षा महाग पडतं. लेक गच्चीवर आली, कॉफीचा मग टेकवला आणि कठड्यावर बसून माझीच शिकवणी घेतली.

"बाबा, ऊन सकाळचं की संध्याकाळचं हे तुमच्या घड्याळावर नाही, त्यांच्या अंगातल्या घड्याळावर ठरतं. झोपेतून उठायच्या दोन-तीन तास आधी अंगाचं तापमान सगळ्यात खाली जातं. त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, त्याच्या आधीचा मागे ढकलतो. ह्यांची ती वेळ पहाटे चार. म्हणजे इथले किती?"

"दुपारचे अडीच," मी म्हणालो. निदान बेरीज शाबूत होती.

"म्हणजे आत्ता सकाळी सातला तुम्ही काय करताय?"

मी पोरांना मिर्झापूरकडे आणायचं सोडून शिकागोच्या दिशेने ढकलत होतो. आणखी दोन सूर्यनमस्कार घातले असते तर कॅलिफोर्निया लागला असता. इतक्या मोठ्या फरकात शरीर कधी कधी खरंच लांबची वाट धरतं, पुढे यायच्या ऐवजी मागे मागे जात पृथ्वीला वळसा घालून येतं, असंही तिने सांगितलं. तासाला एक दिवस हा ढोबळ हिशेब. पूर्वेकडे येताना जास्त जड, कारण शरीराला दिवस लांबवणं सोपं जातं, आखडणं जात नाही. या अंगातल्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकनांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. त्यांनी फळमाशांवर काम केलं. आमच्या दोघांवर केलं असतं तर बक्षिसाची वाट न बघता त्यांनी राजीनामे दिले असते.

नवा आदेश असा निघाला: सकाळी खोली अंधारी, दुपारी अडीचनंतर भरपूर उजेड, जेवणं इथल्या वेळेला, दुपारची झोप छोटी आणि ती मोडायची. मोडण्याचं खातं माझ्याकडे. खिडक्यांवर मी घरातल्या यच्चयावत गोधड्या टांगल्या. खोली अशी काळोखी झाली की थोरला तिला 'वेरूळ' म्हणू लागला आणि आत सोबत म्हणून मला झोपवू लागला. रात्री दोनपासून ट्यूबलाइटखाली सापशिडी, सकाळी गोधड्यांच्या वेरुळात दहा-साडेदहापर्यंत झोप. पोरांसाठी आखलेल्या त्या पथ्याचा एक तिसरा रुग्णही गुपचूप तयार होतोय, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारच्या उजेडासाठी बागा झाल्या. सिद्धार्थ उद्यानात धाकटी वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभी राहून झोपली. उभी! बीबी का मकबऱ्यात थोरला हौदाच्या कडेला आडवा झाला तो उचलूनच आणावा लागला. मग मी म्हणालो, लांब नेऊ, खुलताबादला. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला तेव्हा पोरांना जागं ठेवायला मी इतिहास काढला. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना इथवर चालवत आणलं, लोकांनी अतोनात हाल सोसले, पण जेटलॅग एकालाही झाला नाही. दिल्ली आणि दौलताबाद यांच्यात रेखांशाचे दोनच अंश. आठ मिनिटं! उत्तर-दक्षिण कितीही फरफट झाली तरी अंगातलं घड्याळ तिथंच राहतं. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. दिवसाला दहा-बारा मिनिटांचा फरक, तो शरीर बसल्याजागी पचवतं. हे मी मागे वळून सांगितलं तेव्हा मागच्या सीटवर दोन्ही श्रोते तोंड उघडं टाकून झोपलेले होते. जावई गाडी चालवता चालवता म्हणाले, "बाबा, मला पण झोप येतेय. जरा थांबता का?"

खुलताबादचा भद्रा मारुती ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो: इथला मारुती उभा नाही, निद्रावस्थेत पहुडलेला आहे. श्रावणात शनिवारी आणि हनुमान जयंतीला आमच्या शहरातून लोक रात्रभर पायी चालत त्याच्या दर्शनाला येतात. जागून चालायचं आणि झोपलेल्याला भेटायचं, यातली मौज मला तोवर कधी जाणवली नव्हती. थोरल्याला गदागदा हलवून जागा केला, कडेवर घेतला, गाभाऱ्यापाशी नेलं. त्याने शेंदरी मूर्ती डोळे चोळत नीट पाहिली आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आजोबा, हा पण आत्ताच आला न्यू जर्सीहून?"

रांग हसली. पुजारी हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि समजावलं, "बाळा, देव झोपलेला नाही. भद्रसेन राजा रामाची भजनं इतकी गोड म्हणायचा की मारुतिराया ऐकता ऐकता भावसमाधीत गेले."

"भाव-समाधी," थोरल्याने दोनदा म्हणून पाहिलं. शब्द त्याला आवडला.

आठवडाभराने पोरं ताळ्यावर आली. रात्री नऊला झोपायची, सकाळी सातला उठून ज्वारीच्या भाकरीवर लोणी मागायची. लेकीने गोधड्या उतरवल्या. मी मात्र रात्री दोनला टक्क जागा होऊन सापशिडी मांडून बसलेला. एकटाच. दोन्ही बाजूंनी मीच खेळायचो आणि तरी हरायचो. रात्री उजेड, सकाळी अंधार असं पथ्य इमाने पाळल्यामुळे माझं घड्याळ मागे मागे सरकलं होतं. मी हिशेब केला, मी साधारण लंडनपर्यंत पोचलो होतो. पासपोर्टाशिवाय.

अशात एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रण आलं. प्रमुख पाहुणे, सकाळी अकरा. लंडनचे साडेपाच. ही म्हणाली, नाही म्हणून कळवा. पण शाल, श्रीफळ आणि माइक या तीन गोष्टींना निवृत्त शिक्षकाने नाही म्हटल्याचा दाखला मराठवाड्यात नाही. सगळं कुटुंब पहिल्या रांगेत बसलं. दीपप्रज्वलन मला आठवतं. स्वागतगीताचं पहिलं कडवं आठवतं. दुसऱ्यात बासरी होती, ती फारच मऊ होती.

पुढचं लेकीच्या मोबाइलवर आहे. सूत्रसंचालक बाई माझा परिचय वाचतायत, 'ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना वेळेचं महत्त्व शिकवलं'. टाळ्या. माझी हनुवटी छातीवर. बाई पुन्हा नाव घेतात. अध्यक्ष माझ्या कोपराला स्पर्श करतात, मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवतो. पडद्यामागून 'पाणी आणा, पाणी' असा गलका. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून थोरला उभा राहून, खणखणीत आवाजात, पुजाऱ्यांच्या थाटात:

"उठवू नका! आजोबा झोपले नाहीत. भावसमाधीत गेलेत."

सभागृह कोसळलं, त्या आवाजाने मी उठलो आणि माइकसमोर जाऊन सवयीने म्हणालो, "सापाच्या तोंडात आलात, खाली या." मोठा हशा. लोकांना वाटलं भाषणाची सुरुवातच तशी आहे.

आभार मानणारा मुलगा हजरजबाबी निघाला. त्याने 'आपले समाधिस्थ प्रमुख पाहुणे' म्हटलं आणि कोणीतरी ते तसंच्या तसं माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. फक्त, संदर्भाशिवाय. संध्याकाळी पाचला दोन जुने विद्यार्थी पांढऱ्या सदऱ्यांत, हातात मोगऱ्याचा हार घेऊन, मान खाली घालून फाटकाशी आले.

हिने दार उघडलं. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. एकाने कसंबसं विचारलं, "काकू, सर...?"

"आत आहेत, झोपलेत," ही म्हणाली. "रात्री अडीचला उठतील. तोवर चहा टाकू का?"