चेटकिणीची बोटं

मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीने यंदा 31 ऑक्टोबरला भुतांना अधिकृत परवानगी दिली. स्थळ क्लबहाऊस, वय 5 ते 12, एप्रन आणि डबा घरून आणायचा, अंडं चालणार नाही. विषय: मुलांसाठी भीतिदायक बेकिंग. ज्या कमिटीला गच्चीवर पापड वाळत घातलेले खपत नाहीत, तिने कवटी, वटवाघूळ आणि कोळ्याचं जाळं एकमताने मंजूर केलं.

परवानगी अर्थात परदेशी भुतांपुरती. आपल्या मुंजाची अडचण वेगळी आहे. त्याचा पिंपळ रस्तारुंदीकरणात गेला. पिंपरी-चिंचवड प्राधिकरणाला जमिनी दिलेले शेतकरी साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी खेटे घालून म्हातारे झाले, आणि मुंजाकडे तर सातबारासुद्धा नाही. त्यात 2021 मध्ये प्राधिकरणच पीएमआरडीएत विलीन झालं, त्यामुळे नेमकं कुणाच्या मानगुटीवर बसायचं हेही त्याला कळेनासं झालंय.

हॅलोविनला नावं ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. आयर्लंडचे लोक पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला. आपली व्यवस्था त्याहून पक्की आहे. दसऱ्याला भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही वर्कशॉपमध्ये डोकावा. सीएनसी मशिनला झेंडूचा हार, उंबऱ्यावर कुंकू भरून फोडलेला कोहळा आणि दुसरा दारावर टांगलेला, वर्षभराची नजर झेलायला. मशिन जर्मन असलं तरी दृष्ट मराठीच लागते. 2024 मध्ये तर नरकचतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली, तीही गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या साप्ताहिक सुट्टीला. पहाटे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून नरकासुराला मारणारी पोरं संध्याकाळी ड्रॅक्युला होऊन दारोदार फिरली. चकलीही मिळाली, चॉकलेटही. धर्म दोन्हीकडून बुडाला नाही.

असो. बेकिंग.

पहिला पदार्थ भुतं. छोले शिजवलेलं पाणी गार करून त्यात लिंबाचे चार थेंब टाकायचे, फेटत फेटत पिठीसाखर घालायची. अंड्याशिवाय पांढराशुभ्र, घट्ट फेस येतो. कोनातून त्याची टोकदार भुतं पाडायची, डोळ्यांना चॉकलेटचे दोन ठिपके, आणि मंद ओव्हनमध्ये दीड-दोन तास वाळवायची. सी विंगमधल्या आजींनी भूत शाकाहारी असल्याची दोनदा खात्री करून घेतली. उरलेल्या छोल्यांची भाजी कुणी करायची यावर मात्र अजून ग्रुपवर चर्चा सुरू आहे.

दुसरा पदार्थ चेटकिणीची बोटं. पीठ नानकटाईचंच: मैदा, तूप, पिठीसाखर. बोटाएवढी वळी करायची, सुरीने पेरांच्या रेघा ओढायच्या, टोकाला नखाच्या जागी सोललेला बदाम दाबायचा. भाजून झाल्यावर मुळाशी लाल जॅम लावायचा, म्हणजे बोट ताजं तुटलेलं वाटतं. आमच्या लहानपणी हेच पीठ घेऊन दिवाळीआधी बेकरीच्या भट्टीपुढे रांगा लागत. नंबर लागेपर्यंत कुणाचा ट्रे कुणी पळवू नये, एवढीच त्यात भीती होती.

चाकणला क्वालिटीत असलेल्या एका बाबांनी खिशातून व्हर्नियर काढला. बोटाची लांबी 65 मिलिमीटर, टॉलरन्स अधिक-उणे 2. नख सरकलं तर रिजेक्ट. दहा मिनिटांत पोरांच्या लक्षात आलं की रिजेक्ट माल जागेवरच खायला मिळतो. त्यानंतर एकाही बोटाचं नख सरळ बसेना. बाबांनी मूळ कारण शोधण्यासाठी पाच वेळा ‘का’ विचारलं. पोरांची तोंडं भरलेली होती.

मग विक्रीच्या स्टॉलवर तुटक्या बोटांचं भलंमोठं ताट सजलं आणि फोटो निघाले. या पट्ट्यात तुटलेल्या बोटांसोबत सेल्फी काढायची हौस याआधी कुणाला आली नसावी. वाहनांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटं गमावणाऱ्या कामगारांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून अहवाल काढते. नाव ‘क्रश्ड’. त्याचे फोटो आमच्या ग्रुपवर कुणी टाकत नाही, मुलं घाबरतील. बोटांचं दरपत्रक तर कायद्यातच तयार होतं. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टानुसार आख्खा अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली असं धरलं जायचं, तर्जनी गेली तर 14, मधलं बोट 12, करंगळी 7. आमच्या स्टॉलवर मात्र कुठलंही बोट दहा रुपयांना. चेटकीण कायद्यापेक्षा समतावादी निघाली. आणि जॅम फुकट.

आठच्या सुमाराला क्लबहाऊसच्या दारात एक जण येऊन उभा राहिला. ए विंगमध्ये चौघांत भाड्याने राहणारा, चाकणच्या एका प्रेस शॉपमधला. आठवडाभर रात्रपाळी, दिवसा झोपावं तर वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम, त्यामुळे डोळे लालभडक, खाली काळी वर्तुळं, केस उभे, युनिफॉर्मवर ऑइलचे डाग. तो आवाज जरा कमी करा म्हणायला आला होता. मुलं किंकाळ्या फोडत पळाली. वेशभूषा स्पर्धेच्या परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याला ‘बेस्ट झॉम्बी’चं पहिलं बक्षीस देऊन टाकलं. मेकअप कुठे केला, असं दोघी-तिघींनी विचारलंही. बक्षीस म्हणून त्याच्या डब्यात चार बोटं भरली. बस चुकेल म्हणून तो भाषण न करताच निघाला.

पुढचं त्यानेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. कंपनीच्या गेटवर वॉचमनने डबा उघडायला लावला. आत चार बोटं, नखांसकट. वॉचमन जुना माणूस, दचकला नाही. त्याने रजिस्टर पुढे ओढलं, मालाच्या रकान्यात वळणदार अक्षरांत ‘बोटं, नग चार’ असं लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं, “रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?”