हँडल हळू फिरवा

नगरमध्ये गाड्यांविषयी अज्ञानी माणूस सापडणं कठीण. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथलं, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था इथली, कायनेटिकची लुना इथली. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून सुटली, तीसुद्धा नगरला यायला. त्यामुळे माळीवाड्यापासून सावेडीपर्यंत कुठेही बॉनेट उघडून उभं राहावं, पाच मिनिटांत चार जण जमतात आणि पाच निदानं होतात. चौघांत एखादे निवृत्त सुभेदार असले तर बोलणं रणगाड्यापासून सुरू होतं आणि प्लगपर्यंत यायला संध्याकाळ होते.

या जाणकारांमध्ये एक पोटजात आहे. तिला इंजिनात फारसा रस नसतो. इंजिन सुरू होतं, बस. तिचा सगळा जीव गाडीच्या दारात, आणि दारातही काचेत अडकलेला असतो. सावेडीच्या कुठल्यातरी कॉलनीत, बंगल्याच्या पोर्चमध्ये, रविवारी सकाळी एक दार सताड उघडं आणि त्याच्यासमोर पाटावर बसलेला, चष्मा कपाळावर चढवलेला साठीपुढचा गृहस्थ दिसला की ओळखावं, हे फियाटवाले काका. प्रत्येक कॉलनीत एक तरी असतातच.

काकांच्या गाडीचं कागदोपत्री नाव प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली. १९६४ मध्ये ती फियाट डिलाइट होती, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली. काका मात्र फियाटच म्हणतात, जसे ते पत्त्यात अहिल्यानगर लिहून एसटीत नगरचं तिकीट मागतात. गाडी ‘डॉक्टरांची’ आहे, हे ते पहिल्या दोन वाक्यांत सांगतात. जुन्या बाजारात डॉक्टरांच्या गाडीला भाव असतो, कारण डॉक्टर गाडी फक्त दवाखान्यापर्यंत नेतात अशी समजूत आहे. डॉक्टर रात्री-बेरात्री व्हिजिटला खेड्यापाड्यांत जात आणि परतताना काच अर्धी उघडी टाकून डुलकी घेत, हे कोणी लक्षात घेत नाही.

गाडीत बसायचा योग आला तर पहिली सूचना सीट बेल्टची नसते. “हँडल हळू फिरवा.” पुढे तपशील येतो: हँडल उजव्या हाताने फिरवायचं, डाव्या तळहाताने काचेला आतून किंचित आधार द्यायचा, तीनचतुर्थांश वर आली की थांबायचं, मग मागच्या कोपऱ्याला बोटाने हलकं दाबून उरलेला प्रवास करायचा. पाहुणा घाबरून काचेला हातच लावत नाही. काकूंनीही कित्येक वर्षांत लावलेला नाही. त्या वारा लागला की पदर घेतात आणि उकडलं की पेपरने वारा घालतात.

काकांचं म्हणणं असं, की लोकांना काच म्हणजे वर-खाली होणारी वस्तू वाटते. प्रत्यक्षात दाराच्या पोटात एक छोटा कारखानाच चाललेला असतो. हँडल फिरलं की एक बारीक गिअर फिरतो, तो दातेरी पंख्याला ढकलतो, पंख्याला जोडलेला लांब हात वर उचलला जातो आणि हाताच्या टोकाची चकती काचेच्या तळाला बसवलेल्या पट्टीत सरकत सरकत काच वर ढकलते. काही गाड्यांत हाताऐवजी कप्प्यांवरून फिरणारी पोलादी तार असते. हँडलमागे एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. हँडल सोडल्यावर काच आपल्या वजनाने खाली येत नाही, ती या स्प्रिंगमुळे. ती थकली की काच प्रत्येक खड्ड्यागणिक बोटभर उतरते. नगर-मनमाड रस्त्याने जुन्या गाडीतून कोणी कोपरगाव गाठलं असेल, तर त्याने हा चमत्कार पाहिलेला असणार.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी या सगळ्यावर सोपा उपाय काढला होता. चार दारांना मिळून एक हँडल. पाऊस आला की ड्रायव्हर ते खिशातून काढून मागे द्यायचा, गिऱ्हाईक काच चढवून परत करायचं. उतरलेल्या काचेला पुठ्ठ्याची घडी खोचली की महिनाभर निभत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा मुंबईकर हळहळले. काकाही हळहळले, पण लगोलग त्यांनी कुर्ल्याला फोन लावून भंगारात निघणाऱ्या टॅक्सीची डाव्या दाराची काच चढवणारी मशीन मिळेल का, अशी चौकशी केली. गाडीवर प्रेम करणाऱ्याला दुसऱ्याच्या गाडीचं मरण कामाला येतं.

काकांचा रविवार पाहण्यासारखा असतो. आधी हँडल काढायचं. जुन्या गाड्यांत ते कुठे आडव्या पिनेवर बसतं, कुठे घोड्याच्या नालेच्या आकाराच्या क्लिपवर. ही क्लिप निघते तेव्हा ‘टिंग’ असा आवाज होतो आणि ती विश्वात विलीन होते. मग काका, नातू आणि शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा असे तिघे गुडघ्यांवर रांगत चुंबक फिरवतात. चुंबकाला खिळे मिळतात, काकूंची हरवलेली सेफ्टी पिन मिळते, क्लिप सोमवारी कुंडीत मिळते. म्हणून जाणकार माणूस क्लिप काढण्याआधी दारावर जुनं धोतर पसरतो. काकांनाही हे माहीत आहे. दर वेळी क्लिप उडाल्यावर ते नातवाला सांगतात.

मग दाराचं पॅड. त्याच्या क्लिपा पट्टीने एकेक उचलाव्या लागतात, घाई केली की पुठ्ठा फाटतो. पॅड निघालं की आत काका डोकं घालतात. टॉर्च तोंडात असल्यामुळे पुढची वाक्यं फक्त काकूंना कळतात. दाराच्या तळाशी डॉक्टरांच्या काळातलं सगळं साचलेलं असतं: चार आणे, सुपारीचं खांड, एसटीचं तिकीट, चुरा झालेला फेल्ट.

सगळी कुरबूर या फेल्टमध्येच असते. काच ज्या खाचेतून धावते तिला फेल्टचं अस्तर असतं. ते झिजलं की काच खडखडते, नवं जाड लावलं की अडकते. शहाणा मिस्त्री खाचेत ग्रीस भरत नाही, कारण नगरची धूळ त्यात बसून महिन्याभरात पॉलिश पेपर तयार होतो. ग्रीस गिअरला, चकतीला. रबराला आणि फेल्टला सिलिकॉनचा फवारा. एवढं सांगूनही कोणीतरी हितचिंतक खोबरेल तेल घेऊन येतोच. काका त्याला हाकलत नाहीत. चहा पाजतात आणि बाटली पायरीमागे लपवतात.

आणि मग सुरू होते ती अ‍ॅडजस्टमेंट. खाचेच्या पट्टीला, मशीनला जे बोल्ट लागतात त्यांची भोकं मुद्दाम लांबट ठेवलेली असतात. बोल्ट ढिला करून पट्टी दोन सूत पुढे, दोन सूत मागे, जरा आत, जरा बाहेर करता येते. कारखान्यातल्या कुणा भल्या इंजिनिअरने माणसाला दिलेलं हे स्वातंत्र्य काका पुरेपूर उपभोगतात. पट्टी पुढे केली की काच वर मस्त बसते, पण खाली येताना चरकते. मागे केली की लोण्यासारखी उतरते, पण वरच्या कोपऱ्यात फट राहते. दोन्हींच्या मधली जागा असते, हे काकांनी स्वतः अनुभवलेलं आहे. ती बोल्ट आवळताना सरकते.

तपासणीची रीत ठरलेली. काच खाली घ्यायची, रबरावर दहाची नोट ठेवायची, काच चढवायची आणि नोट ओढायची. सगळीकडे सारखा जोर लागला तर काच सरळ. एका कोपऱ्यात नोट सुळकन आली तर तिथून पाणी येणार. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे, फक्त काचेचा दाब जास्त झाला तर नोटेचे दोन तुकडे होतात आणि किराणावाला ते घेत नाही.

ओळखीच्या मिस्त्रींचा मात्र काकांवर एक कायमचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. “काका, आधी दार बघा, मग काच.” पन्नास वर्षं उघडझाप झालेल्या दाराच्या बिजागऱ्या झिजतात, दार मागच्या टोकाला लोंबतं. दाराचं टोक हाताने वर उचलून बघावं, खडखड लागली तर काचेशी झोंबण्यात अर्थ नाही. बिजागरीच्या पिना बदलाव्या, दार सरळ करावं, मग काच आपोआप निम्मी जागेवर येते. काका हे सगळं मान्य करतात. पण दार हे डेंटिंगवाल्याचं काम, ते एका दिवसात उरकतं, आणि उरकलेल्या कामाचं माणसाने पुढच्या रविवारी काय करायचं?

काच बदलायचा सल्ला देणाऱ्यांचीही ते छान जिरवतात. दाराची काच टफन केलेली असते. ती एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, घासता येत नाही. कडेला जरा हत्यार लावलं की सगळी काच एका क्षणात खडीसाखरेसारखी दाणेदार होऊन मांडीवर येते. माप चुकलं तर चुकलंच. हे सांगताना काका इतक्या मायेने त्रिकोणी काचेवरून हात फिरवतात, की ऐकणारा गप्प होतो. ही त्रिकोणी काच म्हणजे त्यांचा एसी. ती अर्धी वळवली की धावत्या गाडीत वारा नेमका ड्रायव्हरच्या मानेवर येतो. नव्या गाडीत बसले की काका तिला शोधतात, सापडत नाही, मग म्हणतात, “गुदमरतं.”

पाण्याची मात्र त्यांना धास्ती. पारनेर-पाथर्डीकडे ढग आला की लोक आभाळाकडे हात जोडतात. फियाटवाले काका पळत जाऊन गाडीवर ताडपत्री टाकतात. वास्तविक दारात पाणी शिरणारच, बाहेरची रबरपट्टी ते पूर्ण अडवू शकत नाही, हे गाडी बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं. म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात आणि पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पाण्याने काचेवरून उतरावं, कागदाच्या मागून जावं, भोकांतून गळून जावं. गाडी तीन मालकांकडे फिरते तेव्हा एक जण कागद फाडून फेकतो, दुसऱ्याचा पेंटर भोकांत लांबी भरतो आणि तिसऱ्याचं दार खालून सडतं. डॉक्टरांच्या गाडीत हे तिन्ही झालेलं होतं. डॉक्टरांनंतरचे दोन मालक काका मोजत नाहीत.

आता शहरात पाऊस बेताचाच, मग काम जमलं की नाही हे कळणार कसं? काकू नळीने पाणी मारतात आणि काका टॉर्च घेऊन आत बसतात, पण त्यात त्यांचं समाधान होत नाही. याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, घाटघर-भंडारदऱ्याकडे धो धो कोसळतो. म्हणून जुलैत एकदा सहकुटुंब भंडारदरा. लोक रंधा धबधबा बघायला गाडीतून उतरतात, काका गाडीत थांबून उंबरठ्याची चटई चाचपतात. काकू परत येऊन विचारतात, “गळतंय का?” काका गंभीरपणे सांगतात, “मागून. पुढून नाही.” हा त्या वर्षाचा विजय असतो.

सुट्टीत नातवाला रणगाडा संग्रहालय दाखवायचं, हा नगरच्या आजोबांचा धर्मच. १९९४ पासून ते आहे. १९६५ च्या लढाईत पकडलेल्या पॅटनपुढे नातू फोटो काढतो. काका रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीपाशी रेंगाळतात, तिच्या बारीक फटी न्याहाळतात आणि म्हणतात, “काचच नाही. सुखी आहेत.” शनिशिंगणापूरलाही त्यांना असंच बरं वाटतं. घरांना दारंच नाहीत, म्हणजे बिजागऱ्या नाहीत. तिथे २०११ साली युको बँकेने कुलपाविना शाखा उघडली, आणि तिला दार बसवलं ते काचेचं. ती बातमी वाचून काकांचा पहिला प्रश्न होता, “खाली फेल्ट लावलंय का?”

मुलगा पुण्यात असतो. तो दिवाळीला येतो आणि गाडी विकायचा विषय काढतो. पंधरा वर्षांवरच्या कारचं फेरनोंदणी शुल्क २०२२ मध्येच पाच हजार झालं होतं, पार्ट मिळत नाहीत, पेट्रोल परवडत नाही, असं तो मुद्देसूद मांडतो. त्याचं सगळं बरोबर असतं. काकांनी मात्र मोबाइलवर २०२१ ची केंद्राची अधिसूचना साठवून ठेवलेली असते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, पाटीवर ‘व्हीए’ अशी अक्षरं. १९७४ ची पद्मिनी नुकतीच त्या पंगतीला बसण्याजोगी झाली आहे.

“पण बाबा, मग ती रोज वापरता येत नाही,” मुलगा वाचून दाखवतो. “फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती.”

“मग?” काका विचारतात.

काकू आतून सांगतात, की तसंही गेल्या वर्षभरात ती दुसऱ्या कशासाठी गेटबाहेर पडलेली नाही, आणि येताना कोणीतरी त्या दहाच्या नोटा चिकटवायला सेलोटेप आणा.