अकरावा माणूस

कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘माजी विद्यार्थी’ हा शब्द ऐकून अभिमान वगैरे वाटत नाही. त्याला डुप्लिकेट मार्कशीट आठवते. माजी विद्यार्थी म्हणजे दुपारी पावणेदोनला, आपण डबा उघडला रे उघडला की खिडकीच्या जाळीला नाक लावून “साहेब, नव्वदची बॅच, जरा रजिस्टर बघता का?” म्हणणारा इसम. आमच्याकडून शिकून कोण केवढा मोठा झाला हे मला सांगता येणार नाही. कुणाकडे लायब्ररीचं कुठलं पुस्तक राहिलं, ते मात्र अजून सांगेन.

त्यामुळे पिट्सबर्गला मुलीकडे आल्यावर पहिल्याच शनिवारी जेवणाच्या टेबलावर ‘पिटचा सगळ्यात थोर माजी विद्यार्थी कोण’ यावरून आवाज चढले, तेव्हा मी आमटीभात कालवत गप्प राहिलो. पिट म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग. जावईबापू तिथले एम.एस. (आमच्या लहानपणी पिट म्हणजे नाटकाच्या थिएटरातली स्वस्तातली जागा. हे मी एकदा सांगून पाहिलं. कुणी हसलं नाही.)

थोर म्हटल्यावर मला वाटलं, विद्येचं काहीतरी असेल. विद्यापीठाची मुख्य इमारत बेचाळीस मजली, तिचं नावच ‘कॅथेड्रल ऑफ लर्निंग’. आत देशोदेशींच्या नावाच्या वर्गखोल्या, त्यातली एक आपली, नालंदाच्या धर्तीवर विटांनी बांधलेली. शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या केनियाच्या वंगारी मथाई इथल्याच एम.एस. पोलिओची लस जोनास साल्क यांनी इथं प्राध्यापक असताना तयार केली. मी घसा साफ करून दोन्ही नावं मांडली. बारा वर्षांचा नातू माझ्याकडे कीव येऊन बघत म्हणाला, “आजोबा, एन.एफ.एल.मध्ये खेळलेले हवेत.”

एन.एफ.एल. म्हणजे इथला व्यावसायिक फुटबॉल. ‘नाव फुटबॉल आणि सगळा कारभार हातानं’ हा विनोद अमेरिकेत उतरणारा प्रत्येक भारतीय सासरा करतो. मी तो विमानतळावरून घरी येताना गाडीतच उरकला होता. खेळ मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर कळला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली. म्हणजे एटीकेटीच की. एटीकेटीत माझी हयात गेलेली.

जावईबापूंचा उमेदवार डॅन मरीनो. हा लांबवर चेंडू फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक. ज्या ओकलंड भागात विद्यापीठ आहे, त्याच भागात वाढलेला. शाळाही तिथलीच, कॉलेजही तिथलंच. १ जानेवारी १९८२ ला जॉर्जियाविरुद्धच्या शुगर बोल सामन्यात शेवटची पस्तीस सेकंदं उरलेली, पिट मागे, चौथा प्रयत्न, आणि यानं तेहतीस यार्डांवर असा चेंडू टाकला की सामना २४-२० असा खिशात. हे सांगताना जावईबापू वरणाचा डाव हातात घेऊन उभे राहतात. समोर बसणाऱ्यांनी तेवढं ताट मागं सरकवायचं.

पण पुढच्या वर्षी फेक जरा बिघडली आणि १९८३ मध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडायला घेतले, तेव्हा मरीनोची अवस्था मुलगी बघायला आलेल्यांनी पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणावं अशी झाली. एकामागून एक सव्वीस नावं पुकारली गेली. त्यात पाच तर दुसरे क्वार्टरबॅक. घरासमोरचं स्थळ म्हणावं असा पिट्सबर्गचा स्टीलर्स संघ, त्यांनीही एकविसावा नंबर आला तेव्हा दुसऱ्यालाच पसंत केलं. सत्ताविसाव्या नंबरावर मायामीनं घरात घेतला. पुढच्याच वर्षी यानं ५,०८४ यार्ड फेकले. तोवर एका मोसमात पाच हजार कुणी ओलांडले नव्हते. थेट गुण मिळवून देणाऱ्या, म्हणजे टचडाउनच्या फेकी ४८, आधीचा विक्रम ३६ चा.

“पण अंगठी नाही,” नातू म्हणाला.

इथं सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघाच्या खेळाडूला अंगठी मिळते. मरीनो त्याच मोसमात सुपर बोलपर्यंत गेला, सॅन फ्रान्सिस्कोकडून ३८-१६ हरला, आणि सतरा वर्षांच्या कारकिर्दीत पुन्हा त्या सामन्यापर्यंत पोचला नाही. अंगठीचा विषय निघताच सौ.नं माझ्या बोटाकडं पाहिलं. साखरपुड्याची अंगठी माझ्या बोटात आहे, साबण लावूनही निघत नाही, पण ती मिळवताना मी नेमका कुठला सामना जिंकलो याबद्दल आमच्यात एकमत नाही.

गंमत म्हणजे मरीनो शेवटचा सामना खेळला तो जानेवारी २००० मध्ये. तेव्हा जावईबापू नागपुरात दहावीच्या क्लासला सायकलनं जात होते. या माणसाला त्यांनी खेळताना पाहिलेलंच नाही. तरी बोलताना ‘आमचा डॅन’. गावातला एखादा मुंबईला जाऊन मोठा झाला की ‘मी याला कडेवर खेळवलाय’ म्हणणाऱ्या आत्या प्रत्येक आळीत चार तरी निघतात. कॉलेजं त्या आत्यांच्याच जातीची. कडेवर घेतलेलं असतं दोन-तीन वर्षं. पराक्रम सगळा पुढचा, दुसऱ्याच्या पैशानं, दुसऱ्याच्या गावात.

नातवाचा उमेदवार ॲरन डॉनल्ड. हा बचावातला, समोरच्या क्वार्टरबॅकला आडवा करणारा. गडी पेन हिल्सचा. पेन हिल्सला श्रीवेंकटेश्वराचं मोठं देऊळ आहे, सत्तरच्या दशकात बांधलेलं. मुलीकडं आलो की आमची पहिली वारी तिथंच. दर्शन घेऊन, चिंचेचा भात खाऊन आम्ही ज्या डोंगराळ वस्तीतून परत येतो, तिथल्या शाळेत तो खेळला. उंचीला जरा कमी म्हणून व्यावसायिक निवडीत तेरावा. आणि मग दहा मोसम खेळला, दहाही वेळा उत्तम खेळाडूंच्या यादीत. सर्वोत्कृष्ट बचावपटू तीन वेळा. २०२२ च्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या शेवटच्या क्षणी सिनसिनाटीच्या क्वार्टरबॅकला यानं धरलं, चेंडू वाया गेला, आणि यानं हेल्मेट काढून अंगठीच्या बोटाकडं खूण केली. ती खूण नातू दिवसातून चारदा करतो. दूध संपवलं तरी करतो.

मला डॉनल्डचं कौतुक वाटलं ते वेगळ्या गोष्टीचं. शाळेत असताना वडील त्याला पहाटे साडेचारला उठवून तळघरात व्यायामाला न्यायचे. हे कळल्यावर मी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला नातवाला हलवलं. माझं घड्याळ तसंही अजून भारताच्या वेळेवर होतं. नातवानं एक डोळा उघडला, म्हणाला, “आजोबा, मी फॅन आहे,” आणि कूस बदलली.

तिसरा पक्ष शेजारच्या आजोबांचा. ऐंशीच्या पुढचे, ॲलिक्विपाच्या पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले, सौ.च्या बटाटेवड्यासाठी कुठल्याही वादात पडायला तयार. ॲलिक्विपा हे पिट्सबर्गच्या खालच्या अंगाला, नदीकाठचं एवढंसं गाव. कारखाना ऐंशीच्या दशकात आटत गेला, गावही बसलं. पण त्या एवढ्याशा गावात माइक डिटका वाढला, टोनी डॉर्सेट वाढला, डॅरेल रेव्हिस वाढला. तिघेही पिटला गेले आणि तिघेही पुढं या खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये. आजोबांचा धर्मसंकटाचा प्रश्न म्हणून वेगळाच. पिटचा थोर कोण हे त्यांना केव्हाच माहीत होतं: ॲलिक्विपाचा. फक्त तिघांतला कुठला, एवढंच ठरायचं होतं. डिटकाचं नाव घेताना ते मूठ टेबलावर आपटतात (खेळाडू म्हणून जिंकला, प्रशिक्षक म्हणूनही जिंकला). रेव्हिसचं घेताना मान डोलावतात. आणि डॉर्सेटचं नाव आलं की काही करत नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघतात. त्यावरून मी ओळखलं.

डॉर्सेटनं १९७६ मध्ये पिटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, स्वतः कॉलेजातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हाइजमन करंडक घेतला, डॅलसकडे गेला आणि पहिल्याच मोसमात सुपर बोल. जानेवारीत कॉलेजचा मुकुट, पुढच्या जानेवारीत व्यावसायिकांचा. पण आजोबांनी सांगितली ती गोष्ट ३ जानेवारी १९८३ ची, सोमवार रात्रीची, मिनेसोटाविरुद्धची. डॅलसचा संघ स्वतःच्या अगदी दाराशी अडकलेला. पाठीमागं एक यार्ड, पुढं नव्याण्णव. खेळी कुठली हे ठरताना घोटाळा झाला आणि डॉर्सेटला वाट करून द्यायचं काम ज्याचं, तो रॉन स्प्रिंग्ज मैदानाबाहेरच राहिला. बाकीच्या दहांना पत्ता नाही. चेंडू डॉर्सेटकडं आला, मधोमध फट पडली, तो उजवीकडं सुटला, आणि नव्याण्णवच्या नव्याण्णव यार्ड पळून पलीकडं. २०१८ मध्ये टेनेसीच्या डेरिक हेन्रीनं बरोबरी केली. मोडणार मात्र कुणी नाही. शंभर यार्डांच्या मैदानात मोजणीचा यार्ड नव्याण्णवच्या वर जातच नाही.

“दहा जण,” आजोबा वड्याचा तुकडा हवेत धरून म्हणाले. “दहाच.”

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. पहिल्यांदा वाटलं, जेट लॅग. पण डोळ्यांसमोर डॉर्सेट नव्हता, तो बाहेर राहिलेला अकरावा होता. ऐतिहासिक धाव, सगळं स्टेडियम उभं, आणि हा कडेला उभा राहून विचार करतोय की आपण आत असतो तर कुठंतरी मध्ये आलोच असतो. मला हा माणूस ओळखीचा वाटला. मुलीच्या लग्नात कार्यालयवाला, भटजी आणि विहीण यांच्यात रुखवतावरून पेच पडला होता, तेव्हा सौ.नं मला बर्फ आणायला पाठवलं. बर्फ घेऊन आलो तोवर सगळं मिटलेलं. आजही ती म्हणते, “त्या दिवशी तुम्ही नव्हतात म्हणून निभावलं.” यार्ड मोजणाऱ्यांनी या कामगिरीची नोंद कुठं करायची?

मुलीनं लॅरी फिट्झजेराल्डची बाजू घेतली. चेंडू झेलणारा, सतरा वर्षं एकाच ॲरिझोनाच्या संघात, १,४३२ झेल, त्याच्या वर फक्त जेरी राइस. त्याच्या हातून चेंडू सुटला त्यापेक्षा जास्त वेळा त्यानं समोरच्या खेळाडूला पाडलं, असं चाहते सांगतात. “या घरात कुणाच्या हातून काही न पडणं म्हणजे काय, हे मलाच माहीत,” ती म्हणाली. आल्यापासून मी दोन कप फोडले होते. पण चौकशीत असं निघालं की हा पिटमध्ये दोनच वर्षं होता आणि पदवी त्यानं २०१६ मध्ये फिनिक्सच्या विद्यापीठातून पूर्ण केली. माझ्या आतला अधीक्षक जागा झाला. मी म्हटलं, पदवी दुसरीकडची असेल तर हा आपल्याकडचा ‘माजी विद्यार्थी’ नव्हे, ‘मध्येच सोडून गेलेला’. त्याचं वेगळं रजिस्टर असतं. यावर चौघंही एकदम माझ्यावर तुटून पडले. वाद सुरू झाल्यापासून त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

शेवटी सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिला वाटेत कुठंतरी कर्टिस मार्टिन सापडला होता. पिट्सबर्गचाच मुलगा. वस्ती बरी नव्हती म्हणून आईनं शाळेनंतर काहीतरी कर म्हणून मागं लागून खेळायला लावलं. पिटला शेवटच्या वर्षी दुखापतीनं घरी बसला. तरी व्यावसायिक कारकिर्दीत १४,१०१ यार्ड पळाला. म्हणजे डॉर्सेटपेक्षा जास्त, हे ऐकून आजोबांनी वडा खाली ठेवला. आणि २०१२ मध्ये हॉल ऑफ फेमच्या भाषणात यानं उभं राहून सांगितलं की मला हा खेळ कधी फारसा आवडलाच नाही. सौ. म्हणाली, “आवडत नसताना इतकी वर्षं निगुतीनं केलं, तेही आईसाठी. मला नका सांगू बाकीच्यांचं.” आणि एकदा माझ्याकडं, एकदा गॅसकडं पाहून आत गेली. पोळ्या तिला कधी आवडल्या नाहीत, हे मला लग्नानंतर चव्वेचाळीस वर्षांनी पिट्सबर्गात कळलं.

मत घ्यायचं ठरलं. नातवानं कागदाचे कपटे केले. मरीनो एक, डॉनल्ड एक, डॉर्सेट एक, फिट्झजेराल्ड एक, मार्टिन एक. पाच माणसं, पाच थोर. सहावं मत माझं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्या घरात सगळे माझ्याकडं बघत होते. मी चष्मा पुसला. पूर्वी प्राचार्यांसमोर ज्या आवाजात हिशेब वाचायचो, त्या आवाजात म्हणालो, “रॉन स्प्रिंग्ज.”

“कोण?” मुलगी.

“तो बाहेर राहिला, म्हणून—”

“काका,” जावईबापू अदबीनं म्हणाले, “तो पिटचा नाही.”

आजोबांनीही मान हलवली. तो ओहायो स्टेटचा.

माझं मत बाद झालं. नियमाप्रमाणे व्हायलाच हवं होतं, मीसुद्धा तेच केलं असतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी न मागता दाखला द्यावा असं मनापासून वाटलं, आणि त्याचं रजिस्टर निघालं दुसऱ्या कॉलेजात.

“अहो,” आतून आवाज आला, “रिकामे असाल तर जरा बर्फ आणता का?”