आतून कंपनीचं

कुणी नवी गाडी घेतली की ती बघायला येणाऱ्यांचे ठरलेले प्रकार असतात. एक जण ॲव्हरेज विचारतो. एक डिकी उघडून दिवाळीला गावी जाताना तीत किती पिशव्या मावतील याचा अंदाज घेतो. एक नुसताच ‘पांढरी का घेतली?’ असं म्हणून पेढा तोंडात टाकतो. ओरिजिनलराव यातलं काही करत नाहीत. ते चपला बाहेर काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतात आणि मंडईत आंबा पारखावा तसं ते अंगठ्यांनी दाबत दाबत पूर्ण गोल फिरतात. मग खाली उतरून चपला घालता घालता निदान सांगतात, “पीयू आहे. तीन उन्हाळे.”

तीन उन्हाळे म्हणजे गाडीचं आयुष्य नव्हे. स्टिअरिंगच्या सालीचं.

त्यांचं खरं नाव काहीही असतं. कोथरूडमध्ये असतात, डोंबिवलीत असतात, नाशिकला तर एकेका सोसायटीत दोन-दोन असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. पन्नाशी आलेली, नोकरी बरी, गाडी आठ-नऊ वर्षांची. ‘गाडी एकदम ओरिजिनल ठेवलीये हो,’ हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणतात, म्हणून हे नाव. या ओरिजिनल गाडीत कंपनीच्या मॅटवर रबरी मॅट आहे, रबरी मॅटवर जुन्या सतरंजीचा तुकडा आहे. सीटवर कव्हर, कव्हरवर टर्किशचा टॉवेल. सन व्हायजरचं पारदर्शक प्लास्टिक शोरूममधून आलं तसं आजही जागेवर आहे. या माणसाला कंपनीची वस्तू जिवापाड आवडते, फक्त तिला हात लागलेला चालत नाही. स्वतःचासुद्धा.

हे घराण्यातच आहे. त्यांच्या वडिलांकडे कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली प्रीमियर पद्मिनी होती. तिचं स्टिअरिंग थाळीएवढं, काडीसारखं बारीक, आणि गिअरचा दांडा त्याच्याच मानेतून निघालेला. वडिलांनी त्यावर हिरव्या-पिवळ्या प्लास्टिकच्या वायरीची वेणी घालून घेतली होती. पुढे मारुती आठशे आली. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, आणि त्यानंतर या देशातल्या असंख्य कुटुंबांनी सीटवरचं पॉलिथिन न काढता, उन्हाळ्यात घामानं चिकटत, मान ताठ ठेवून प्रवास केला. ओरिजिनलराव त्या पॉलिथिनवर लहानाचे मोठे झाले. जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हर, कव्हरवर प्लास्टिक, त्यावर नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पुन्हा सेलोटेप. भूगोलाचं पुस्तक आतून कसं दिसतं हे वर्षअखेरपर्यंत ज्यांना नीटसं माहीत नसायचं, त्यांतले ते एक.

तरुणपणी त्यांचा शौक बाहेरून होता. काचांना काळ्या फिल्मा होत्या, पुढं स्टीलचं बुलगार्ड होतं, नंबर प्लेटवर ‘दादा’ वाचता येईल असे आकडे होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं फिल्मा उतरवायला लावल्या. २०१७ च्या डिसेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं बुलगार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं. मग हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आली आणि दादा गेले. सरकार असं एकेक पाऊल पुढं येत गेलं आणि ओरिजिनलराव एकेक पाऊल मागं सरत अखेर गाडीच्या आत जाऊन बसले. तिथं त्यांच्या हाती एवढं एक चाक उरलं होतं. इतिहासात बऱ्याच सरदारांचं असंच झालेलं आहे.

त्यांच्या चाकाची साल निघाली ती २०२० नंतर. त्या वर्षी सगळ्या देशानं हातावर सॅनिटायझर चोळला आणि हात वाळायच्या आत स्टिअरिंग धरलं. स्टिअरिंग म्हणजे आत धातूचा सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेनचा फोम, आणि महाग गाडीत त्यावर चामडं. फोम असो की चामडं, वरचा रंगाचा पातळ थर स्पिरिटपुढं टिकत नाही. घाम, ऊन, हातांचं क्रीम हे आधीपासून वाट बघत असतातच. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटांनी काटे असतात त्या दोन जागा आधी चकाकल्या, मग चिकट झाल्या, मग तळहातांना काळी भुकटी लागू लागली. ऑफिसात लोक विचारू लागले, “दंतमंजन लावता का अजून?”

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं गेलं की नुसती साल मिळत नाही, पूर्ण चाक बदला. किंमत ऐकून ते बाहेर आले आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, “ओरिजिनल बदलायचं नाही.” वहिनींनी ‘बरं’ म्हटलं. पुढं काय वाढून ठेवलंय ते त्यांना कळलं होतं.

सुरुवात तीनशे रुपयांच्या चढवायच्या कव्हरनं झाली. ही कव्हरं छोट्या, मध्यम, मोठ्या मापात मिळतात. बहुतेक गाड्यांना सदतीस-अडतीस सेंटिमीटरचं मध्यम लागतं. ओरिजिनलरावांनी शिंप्याची टेप घेऊन चाक मोजलं, तरी दुकानदाराच्या आग्रहावरून ‘थोडं लूज चांगलं’ म्हणून मोठं आणलं. त्यामुळे पहिल्याच वळणाला कव्हर वळलं, गाडी वळली नाही. समोरचा रिक्षावाला सुज्ञ होता म्हणून बरं. नंतर मण्यांचं आलं, ज्याचे ठसे तळहातावर उमटत. नंतर केसाळ आलं. ते पावसाळ्यात ओलं झाल्यावर त्याला जो वास सुटला त्यावर मी इथं लिहिणार नाही.

मग अभ्यास सुरू झाला. मराठी माणूस पैसे खर्च करायच्या आधी अभ्यास करतो, म्हणजे खर्च झाल्यावर निदान विद्वत्ता तरी शिल्लक राहते. रात्री जेवणानंतर मोबाइल घेऊन ते इटलीला जात. तिथल्या जियानपिएरो मोरेत्ती नावाच्या शर्यतवाल्यानं स्वतःच्या गाडीसाठी जाड मुठीचं चाक करून घेतलं, त्यातून मोमो ही कंपनी निघाली, १९६४ साली फेरारीतून जगज्जेता झालेल्या जॉन सर्टीजच्या हातीही त्याचंच चाक होतं, हे त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना सांगितलं. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

चामड्याचं शिवून घ्यायचं ठरलं तेव्हा आई मध्ये पडल्या. “चामड्याला हात लावून मोरगावला जायचं?” प्रश्न बिनतोड होता. रावांनी रात्रीत तोड काढली, अल्कांतारा! मखमलीसारखं, मऊ, शर्यतीच्या गाड्यांत वापरतात, आणि चामडं अजिबात नाही. जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० मध्ये शोधलं, बनतं इटलीत.

“पण असतं कशाचं?” वहिनींनी पोळी लाटता लाटता विचारलं.

“पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेन.”

“म्हणजे माझी घरातली साडी आणि गादीचा फोम.”

त्या रात्री ते इटलीला गेले नाहीत. पण रंग ठरला होता, फिकट राखाडी.

पुण्यात गाडीचं काहीही करायचं असेल तर माणूस नाना पेठेत जातो. तिथल्या एका अरुंद बोळात तो कुशनवाला बसतो. समोर स्टूल, बाजूला सोल्यूशनचा डबा, मेण लावलेला नायलॉनचा दोरा आणि बाकदार सुई. कारागीर कमी बोलणारा होता. त्यानं चाकावर नजर टाकली आणि आधी मधोमध चिकटवलेला धातूचा गणपती नखानं उचकटून काढला.

“अहो, अहो!”

“साहेब, याच्या मागं एअरबॅग आहे. धडक झाली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. तेव्हा हा थेट तोंडावर येणार. बाप्पाला डॅशबोर्डावर बसवा. आणि मधल्या पॅडला मी कापड लावत नाही, कुणी कितीही पैसे दिले तरी. फक्त रिम.”

त्या बोळात इतकं शहाणपणाचं वाक्य ऐकायची रावांची तयारी नव्हती. त्यांना चाकाच्या मधोमध आद्याक्षरं विणून हवी होती. पण कारागिरापुढं शौकीन नेहमी नमतो. शिवाय हे त्यांनाही माहीत होतं की २०१९ च्या जुलैपासून ड्रायव्हरपुढची एअरबॅग सक्तीची झाली आहे. फक्त सरकार आत कुठवर आलंय, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

कारागीर म्हणाला, गाडीवरच शिवतो. राव म्हणाले, नाही, काढूनच. मोबाइलवर सगळे काढूनच करतात. मग दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह सोडली, साठलेला करंट उतरावा म्हणून चहा मागवला, एअरबॅगचा पिवळा कनेक्टर हलक्या हातानं सुटा केला. चाक उपसण्याआधी रावांनी खिशातून वहिनींचं नेलपॉलिश काढलं आणि दांडा व चाक यांवर समोरासमोर लाल खूण केली. हेही मोबाइलवर होतं. नंतर ते तीन तास स्टुलावर बसून सूचना देत राहिले आणि कारागीर त्या न ऐकता काम करत राहिला. जुनी साल ब्लेडनं उतरवली, चाकाला क्लिंग फिल्म आणि त्यावर मास्किंग टेप गुंडाळून माप घेतलं, ती कात कापून पसरली, तिच्यावरून कापड बेतलं. आत पातळ फोम, वर अल्कांतारा, आणि मग आतल्या कडेनं फुलीचे टाके. हे काम बघण्यासारखं असतं. कापड मापापेक्षा जरासं लहान कापतात आणि दोऱ्याच्या ताणानं ते बसवतात, म्हणून त्याला सुरकुती पडत नाही. प्रत्येक टाक्याला दोरा तेवढाच ओढायचा, ना कमी ना जास्त. शेवटची गाठ कुठं मारली ते मला भिंग घेऊनही सापडलं नाही.

मग कारागिरानं सोल्यूशनचे डाग पुसायला थिनरचा बोळा घेतला आणि चाक, दांडा, सगळं लख्ख केलं. नेलपॉलिशसकट.

स्टिअरिंगच्या दांड्याला बारीक दाते असतात. एक दाता चुकला की गाडी सरळ जाते आणि चाकावरचा बिल्ला डावीकडे कलतो. चाक पुन्हा काढून बसवणं दहा मिनिटांचं काम होतं, पण त्यासाठी चूक कबूल करावी लागली असती. ओरिजिनलराव म्हणाले, “लक्ष्मी रोडला उतार आहे.” पुढं त्यांना सगळ्याच रस्त्यांना उतार सापडत गेला. हल्ली ते गाडी चालवताना मान किंचित डावीकडे ठेवतात. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यांना वाटतं की गृहस्थ आपलं काहीतरी लक्षपूर्वक ऐकताहेत.

तरी ते दिवस सुखाचे होते. ते रात्री पार्किंगमध्ये जाऊन चाकावरून उलट-सुलट हात फिरवत. अल्कांतारा एका बाजूनं गडद दिसतो, दुसऱ्या बाजूनं फिका. मग दसरा आला. आईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आरशाला झेंडूची माळ घातली. राव हातात घंटा घेऊन उभे होते. दोन्ही हात अडकलेले. आईंनी ड्रायव्हरचं दार उघडलं, “मुख्य हे,” असं म्हणाल्या, आणि हळद-कुंकवाची ओली बोटं स्टिअरिंगला लावली. चार बाजूंनी. नीट दाबून.

मुलगा पूजेत आईला थांबवू शकत नाही. घंटा मात्र थांबली.

दुपारी ते साबणाचं पाणी घेऊन खाली उतरले. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे वहिनींना माहीत होतं. त्यांनी गॅलरीतून हाकही मारली होती. आता राखाडीवर चार तांबडे सूर्य उगवले. संध्याकाळी राव बाजारात गेले आणि चढवायचं कव्हर घेऊन आले. तीनशेचं. या वेळी मध्यम.

म्हणजे आता आत सांगाडा, त्यावर कंपनीचा फोम, त्यावर नाना पेठेचा फोम, त्यावर इटलीचं कापड, त्यावर तीनशेचं कव्हर आणि मे महिन्यात त्यावर ओला नॅपकिन. कुणाचीही मूठ मिटत नाही. मेव्हण्यांनी एकदा गाडी गेटपर्यंत नेली आणि परत आणून लावली.

गेल्या महिन्यात त्यांनी गाडी विकायला काढली. तपासायला एक पोरगा आला. त्यानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र पत्र्याला लावत गाडीभोवती चक्कर मारली. सगळा रंग कंपनीचा निघाला. रावांची छाती फुगत चालली होती. पोरगा आत बसला, हात चाकावर ठेवला, आणि मोबाइलमध्ये काहीतरी दाबता दाबता म्हणाला, “काका, स्टिअरिंग ओरिजिनल नाही.”

“नाही कसं? ओरिजिनलच आहे. आत आहे.”

“आतलं मला दिसत नाही, काका.”

राव काही न बोलता वर गेले. माळ्यावरून एक पिशवी काढून आणली आणि बॉनेटवर ओतली. स्टिअरिंगची जुनी साल. तुकड्या-तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला मास्किंग टेप, टेपवर बॉलपेननं क्रमांक आणि तारीख. “घे. जुळवून बघ,” ते म्हणाले.

पोरग्याच्या ॲपमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ एवढे दोनच चौकोन होते. तो बराच वेळ कधी सालीकडे, कधी रावांच्या डावीकडे कललेल्या मानेकडे बघत राहिला. तेवढ्यात वहिनी मागोमाग जिना उतरून आल्या.

“भाऊ, ते जे काय आहे ते खुशाल घेऊन जा,” त्या म्हणाल्या, “पिशवी तेवढी ठेवा. साडीच्या दुकानातली आहे, चांगली आहे.”